पेटी बघू नये, फळ बघावं

परमेश्वराने आमच्या साडूंना जन्माला घातलं ते केवळ मला सासरवाडीत खाली मान घालून बसायला लागावं म्हणूनच, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पालीला यांची हापूसची कलमं, घर आणि घरापुढे एक जुनी गाडी. तिचा मूळ रंग कोणता यावर त्यांच्याच घरात एकमत नाही, पण किल्ली फिरवली की ती चालू होते. माझी गाडी तिच्याहून पुष्कळ नवी, नेमाने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाणारी. आणि तरीही राजापूरला आमच्या सासऱ्यांना कुठे जायचं असलं की फोन जातो पालीला. "तुम्हाला कशाला उगाच त्रास," असं मला वर प्रेमाने सांगतात. हा त्रास मला एकदा तरी होऊ द्या हो, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर येतं.

साडूंना वेड आहे ते गाडीच्या पार्टचं. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, बेल्ट, असं इंजिनातलं जे काही ठरावीक काळाने बदलावं लागतं, ते कंपनीचं घालायचं की बाहेरचं, हा प्रश्न तुम्ही-आम्ही मेस्त्रीवर सोपवून चहा प्यायला जातो. साडू त्यासाठी इस्त्रीचा शर्ट चढवून, मुलगी बघायला निघाल्यासारखे पालीहून आमच्या रत्नागिरीला येतात. स्पेअरपार्टच्या दुकानात शिरले की चार मेकचे फिल्टर खोक्यांतून बाहेर काढून काउंटरवर मांडायला लावतात. रबराची कड अंगठ्याने दाबतात, एअर फिल्टर उजेडाकडे धरून डोळा बारीक करतात आणि शेवटी चक्क वास घेतात. बाजारात सुरमईचे कल्ले उचलून बघणाऱ्या बाईला कोणी हसत नाही, मग मलाच का हसता, असा त्यांचा सवाल असतो. दुकानदाराला पहिला प्रश्न ठरलेला, "ह्या कुठल्या बागेतला रे?" कारखान्याला ते बाग म्हणतात. एकदा तो बिचारा वैतागून म्हणाला, "काका, खोक्यावर लिहिलंय की सगळं!" त्यावर साडू म्हणाले, "खोक्यावर काय मेल्या, मीपण लिहीन!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. त्याच दुकानात इतकी वर्षं मीही जातो, पण माझ्या बोलण्यावर तिथे कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

या वेडामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि दुर्दैवाने त्यात तथ्य आहे. "साडूबुवा," ते मला समजावतात, "माझ्या एकाच कलमाचा आंबा तीन दलालांच्या तीन पेट्यांत जातो. तीन नावं, तीन भाव, आंबा माझाच. आणि दुसरीकडे पेटीवर रत्नागिरी छापलेलं नि आत आंबा भलत्याच मुलखातला, हेही आपण बघतो. तुमची गाडीवाली कंपनी काय फिल्टर स्वतः करते? ती पण कुठल्यातरी बागेतूनच उचलते नि आपल्या पेटीत भरते. पेटी बघू नये, फळ बघावं." मी पडलो पेटी बघणारा. सीलबंद खोका, त्यावरचं चकाकतं स्टिकर आणि शिक्का मारलेलं बिल हातात आलं की मला शांत झोप लागते. आता झोप ही काही चारचौघांत मुद्दा म्हणून मांडण्याजोगी गोष्ट नव्हे, त्यामुळे घरच्या प्रत्येक वादात मी हरतो.

एकदाच, फक्त एकदाच, सासरे माझ्या गाडीत बसले. डोळे दाखवायला रत्नागिरीला आले होते, त्यांना राजापूरला सोडायला मी निघालो. आदल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग झालेलं, सगळे पार्ट कंपनीचे. लांज्याच्या अलीकडे गाडी जी थांबली ती हलेना. मागाहून कळलं की उंदराने वायर कुरतडली होती. उंदीर माझ्याच घरातला, कंपनीचा त्यात काही दोष नव्हता आणि पार्टचा तर नव्हताच. पण तेवढ्यात मागून साडूंची गाडी आली. त्यांनी दार उघडलं, सासरे पिशवी उचलून त्यात जाऊन बसले आणि काच खाली करून मला म्हणाले, "या हो तुम्ही सावकाश." आजही सासरवाडीत हा किस्सा "कंपनीचे पार्ट घातले की असंच होतं" या मथळ्याखाली सांगितला जातो. उंदराचं नाव कोणी घेत नाही.

बरं, साडूंचं चुकत नाही असंही नाही. एकदा असंच वास घेऊन, अंगठ्याने दाबून त्यांनी रेडिएटरचं झाकण बाहेरच्या मेकचं बसवलं. हातखंब्याच्या पुढे बॉनेटमधून अशी वाफ निघाली, की लोकांना वाटलं गाडी पेटलीच. मला बातमी कळली तेव्हा, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. पण त्या गृहस्थाचं नशीब बघा. जवळच्या घरातल्या लोकांनी त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, मग जेवूनच जा म्हणाले. संध्याकाळी साडू घरी आले ते कोकमाची पिशवी आणि जन्माचे नवे सोयरे घेऊन. माझी गाडी बंद पडली की टोइंगवाला येतो.

यंदा माझ्या मुलीला कोल्हापूरला नोकरी लागली. माझी गाडी तिने न्यायची ठरली आणि आंबा घाट ती पहिल्यांदाच एकटीने चढणार होती. मी नेहमीप्रमाणे सर्व्हिस सेंटरला फोन करायला घेतला, तर ती म्हणाली, "बाबा, त्याआधी काकांना एकदा दाखवूया ना गाडी." मी फोन खाली ठेवला. सासऱ्यांचं एक वेळ समजू शकतो, पण ही तर माझी लेक! साडू येणार, दुकानात नेणार, तिच्यादेखत वास घेणार आणि ती कौतुकाने बघत राहणार. या वेळी मात्र हार मानायची नाही, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून मी रात्रभर मुद्दे पाठ केले.

साडू आले. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभे राहिले. मग हात पुसत म्हणाले, "बेल्ट, फिल्टर, होस, सगळं बदला. आणि सगळं कंपनीचं घाला."

हा तर माझा पाठ केलेला पहिलाच मुद्दा होता. "का हो?" मी म्हटलं. "फळ नाही बघायचं?"

"माझ्या गाडीत मी बसतो," ते म्हणाले. "बंद पडली तर कुणाच्याही पडवीत जाऊन बसेन. ही घाटात एकटी अडकली तर कुठे जाईल?" मग मुलीकडे वळून म्हणाले, "काय गो बाय, घाबरत नाहीस ना?" ती हसली. ते हसले नाहीत.

कंपनीच्या काउंटरवर ते माझ्याबरोबर उभे राहिले. एकही खोका त्यांनी उघडायला लावला नाही, वास घेतला नाही. उलट बिलावर शिक्का नीट उमटला नाही म्हणून तो पुन्हा मारून घेतला. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो होतो आणि मला ते कुणाला सांगावंसंसुद्धा वाटेना.

ती निघाली त्या दिवशी साडू आणि मेव्हणी सकाळीच आमच्याकडे आले. तिला हात करून झाल्यावर मी जेवलो आणि सवयीने पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो. जाग आली तेव्हा साडू पायरीवर बसलेले होते. त्यांचं ताट तसंच झाकून ठेवलेलं. जेवायला उठवायला गेलेल्या माझ्या बायकोला "बघू गो मग" म्हणून परत पाठवलं होतं. मुलीचा फोन आला, पोचली. मी दोन शब्द बोलून ठेवणार तोच ते म्हणाले, "विचारा तिला, घाटात टेंपरेचरचा काटा कुठवर गेला होता?" मी विचारलं. मध्याच्या वर गेलाच नाही, म्हणाली. साडूंनी डोळे मिटले, मग उठून हात धुतले आणि पानावर जाऊन बसले.

मी त्यांच्यासमोर बसून त्यांना आमटी वाढली. मुलगी माझी, आणि तिच्यासाठी उपाशी बसला हा माणूस. गाडीचा, सासऱ्यांचा, दुकानातल्या हशाचा, कशाकशाचा म्हणून मी आजवर त्यांचा हेवा केला. पण त्या दुपारी वाटला तसा हेवा मला जन्मात कधी वाटला नव्हता.