तीन सेकंदांच्या पलीकडे

माझ्या धाकट्या बहिणीने भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाशी लग्न ठरवलं, तेव्हा आमच्या आईने एवढंच विचारलं, "पण तो करतो काय?"

"माणसं वाक्य कशी वाचतात ते बघतो," बहीण म्हणाली.

"त्यात बघायचं काय? डोळ्यांनी वाचतात."

पुढची तीस वर्षं मी साधारण आईच्याच बाजूची होते. मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. नमुना यायचा, आम्ही तपासायचो, पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते सांगायचो, विषय संपला. माझ्या मेहुण्यांचा विषय कधी संपत नसे. मी त्यांना थट्टेने 'प्रोफेसर' म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. ते मला ताई म्हणत.

माणूस सरळ, पण वैताग आणणारा. काही विचारलं की इतका वेळ गप्प राहत की समोरच्याला वाटावं, यांना ऐकूच आलं नाही. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, "साहेब, कधीपासून गळतोय?" कुणीही 'झाले आठ-दहा दिवस' म्हणून मोकळं झालं असतं. हे आत जाऊन डायरी घेऊन आले. तो बिचारा हातात पाना धरून उभा. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही काम सुरू करा. तारीख कळेपर्यंत घरात तळं होईल."

ती भूगोल शिकवायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा वर्गाबाहेरही चालू असायचा. जोडी विचित्र होती, पण जमलं होतं.

त्यांचं काम मला पुढे समजलं ते असं. विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात दुसऱ्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती. भिंतींना स्पंज लावलेला, आत एक टेबल, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर. वाचणाऱ्याने बसायचं आणि बटण दाबायचं. एक शब्द दिसतो. पुन्हा दाबलं की पहिला पुसला जातो, दुसरा येतो. असं शब्दाशब्दाने सगळं वाक्य. 'काल दुकानात विसरलेली छत्री ज्या माणसाने परत आणून दिली त्याला माझ्या भावाने चहा पाजला.' मग प्रश्न: छत्री भावाने आणली का? हो किंवा नाही. कॉम्प्युटर प्रत्येक शब्दावरचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपतो. छत्री, माणूस, भाऊ हे सगळे वाक्य संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागतात, आणि त्या धरून ठेवण्याचं ओझं कुठे वाढतं ते या वेळांवरून कळतं. हे प्रोफेसरांचं आयुष्यभराचं काम. साठीनंतर लांब वाक्यात माणसाचा धागा तुटतो, असा त्यांचा मोठा निष्कर्ष होता. त्यावर त्यांचं नाव झालं होतं.

या धंद्यात एक नियम असतो. एका शब्दावर तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, तर तो आकडा टाकून द्यायचा. वाचणाऱ्याला शिंक आली असेल, कंटाळा आला असेल. तो वेळ वाचनाचा नव्हे असं धरायचं. एखाद्याचे असे फार आकडे निघाले, तर तो माणूसच गाळायचा.

नवा प्रयोग तयार झाला की पहिली वाचायला बसायची ती माझी बहीण. वर्षातून दोन-तीनदा तरी. "माझ्या नवऱ्याने मला फिरायला नेलं," असं ती सांगायची, "एका बंद खोलीत. आणि छत्री कुणाची ते विचारलं."

ती एकसष्ट वर्षांची असताना फोनवर माझ्या लक्षात आलं की बोलते आहे ती मीच. पलीकडून नुसतं 'हो' आणि 'हं'. भेटले तर ती हसायची, मान हलवायची, वाक्य सुरू करून सोडून द्यायची आणि मी ते पूर्ण करायचे. सहा महिन्यांत हे फार वाढलं, म्हणून आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते, पण घाई न करता बोलले. "मेंदूत पाणी थोडं जास्त दिसतंय. त्यामुळे हे होत असेल, तर नळी घालून ते काढता येतं, फरक पडू शकतो. पण दुसरंही एक शक्य आहे. भाषेचा भाग हळूहळू झिजत असेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही. उलट आहे ते बोलणंही जाऊ शकतं. नुसत्या स्कॅनवरून मी छातीठोक सांगणार नाही. पाण्यामुळे असेल तर हे अलीकडे सुरू झालेलं असतं, झीज असेल तर वर्षानुवर्षं. नेमकं कधीपासून आहे?"

"सहा महिने," मी म्हणाले.

प्रोफेसर म्हणाले, "बघून सांगतो."

बाहेर आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "बघून काय सांगताय? बायको घरात आहे की डायरीत?"

"ताई, मला खात्री नाही."

"मला आहे. ऑपरेशन करून टाका."

बहीण आमच्या दोघांच्या मधे चालत होती. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर हे कोट चढवून विभागात निघालेले. बायकोची ही अवस्था आणि हा माणूस कामाला चाललाय. शेजारणीला बहिणीजवळ बसवलं आणि भांडायच्या तयारीने मीही त्यांच्याबरोबर गेले. दुसरा मजला चढेपर्यंत माझं बोलणं चालू होतं. त्यांनी ती स्पंजची खोली उघडली, कॉम्प्युटर लावला आणि मला खुर्ची दिली. स्वतः उभे राहिले.

"टाकलेले आकडे आम्ही पुसत नाही," ते म्हणाले. "वेगळे ठेवतो. तिचेही असतील."

होते. तेरा वर्षांपूर्वीपासूनचे. सुरुवातीची नऊ वर्षं जवळजवळ काहीच नाही, शंभरातला एखादा आकडा. मग शंभरात चार. पुढच्या प्रयोगात नऊ. मग बावीस. शेवटच्या दोन वेळी जवळपास निम्मे आकडे तीन सेकंदांच्या वर आणि शेरा: 'लक्ष नाही. गाळावे.' शब्द त्यांचेच, खाली नावही त्यांचंच. त्यानंतर तिचं नाव नाही.

"त्यानंतर?"

"एका विद्यार्थिनीला बसवायला लागलो." ते पडद्याकडे बघत होते. "तुमची बहीण मला विचारायची, आता मला का बोलवत नाहीस? मी म्हटलं, तू कंटाळतेस."

"म्हणजे किती वर्षं झाली याला?"

"चार."

मी हिशोबाची बाई. चार वर्षं म्हणजे काय ते मला लगेच कळलं. पाणी नव्हे, झीज. त्या खोलीत आपला श्वासही आपल्याला मोठा ऐकू येतो. मी म्हणाले, "हे कुणी बघितलेलं नाही. डॉक्टरना सहा महिनेच सांगा. ऑपरेशन होऊ दे. झाला तर फायदाच होईल."

"ताई, पाण्याच्या खात्यात तुम्ही असं केलं असतंत?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

काहीतरी करायचं म्हणून मी रकान्यांवरून बोट फिरवत गेले, जुनी सवय. वेळांच्या शेजारी एक बारीक रकाना होता. ओळीने एक, एक, एक.

"हे काय आहे?"

"प्रश्नांची उत्तरं. बरोबर असेल तर एक, चूक असेल तर शून्य."

"मग हे तर जवळजवळ सगळे एक आहेत."

ते खाली वाकले. वेळ टाकून दिला की त्याबरोबर उत्तरही जातं, त्यामुळे तो रकाना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. शेवटच्या वेळी एका शब्दावर अकरा सेकंद घेतले होते तिने, आणि छत्री कुणी आणली ते बरोबर सांगितलं होतं. साठ प्रश्नांपैकी चुकले दोन. प्रोफेसर खाली जमिनीवर बसले, भिंतीच्या स्पंजला टेकून. रडले नाहीत. चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तिला कळत होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांकडे त्यांनी काही लपवलं नाही. आकड्यांचा कागद पुढे ठेवला आणि ते आकडे आपण स्वतःच टाकून दिले होते, हेही सांगितलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"मग माझा कल ऑपरेशन न करण्याकडे आहे," ते म्हणाले. "पण थोडी शक्यता उरतेच. तुम्हाला धोका पत्करायचा असेल तर मी नाही म्हणणार नाही. तुम्ही ठरवा आणि सही करा."

"तिला विचारू."

"सर, त्यांना हे समजण्यासारखं राहिलेलं नाही."

"समजतं. वेळ लागतो."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बहिणीच्या अगदी समोर बसले. एकेक छोटं वाक्य बोलले. प्रत्येकानंतर थांबले. नुसते थांबले नाहीत, तिचा चेहरा वाचत राहिले आणि तिची मान हलल्याशिवाय पुढे गेले नाहीत.

"तुझ्या डोक्यात पाणी साठलंय."

"डॉक्टर ते काढू शकतात. त्यासाठी कापावं लागेल."

"बोलणं परत येईल असं बहुतेक नाही."

"आहे तेही जाऊ शकतं."

"करायचं का?"

डॉक्टर पेनाचं टोपण काढत-घालत होते. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. माझ्याने राहवेना. "अगं, ते काय म्हणतायत..." मी सुरू केलं, तर प्रोफेसरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा गप्प केलं.

बहिणीचे ओठ हलले. "कधी... पासून?"

"चार वर्षं."

"तुला... माहीत?"

"माझ्याकडे लिहिलेलं होतं. मी नीट बघितलं नाही. मला वाटलं, तू लक्ष देत नाहीस."

या वेळी ती फार वेळ थांबली. डॉक्टरांनीही टोपण खाली ठेवलं.

"मला... पण... तसंच वाटलं."

म्हणजे चार वर्षं तीही स्वतःला रागावत होती, की आपणच नीट लक्ष देत नाही. प्रोफेसरांनी तिचा हात धरला. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"नको... कापायला," ती म्हणाली. आणि मग डॉक्टरांकडे वळून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं, "मी... सांगतेय. हा... नाही."

डॉक्टरांनी सहीचा कागद फाइलमध्ये परत ठेवला.

त्यानंतर ती दोन वर्षं बोलत होती. कमी, पण स्वतःचं बोलली, कारण मधे कुणी तोंड घातलं नाही. मला ते जमायला सहा महिने लागले. प्रोफेसर सकाळी तिच्याजवळ बसत आणि दुपारी टाकलेले आकडे परत घेऊन सगळे जुने हिशोब मांडत. तिचेच नव्हे, सगळ्या म्हाताऱ्या वाचकांचे. धागा तुटतो हा निष्कर्ष अर्ध्याहून अधिक ढासळला. हळू वाचून बरोबर उत्तर देणारी माणसं त्यांनीच गाळली होती. तसं त्यांनी स्वतः लिहून छापलं. विभागातले काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले, कारण त्या निष्कर्षावर त्यांचीही पुस्तकं उभी होती.

मग दोन वर्षं ती अजिबात बोलली नाही, आणि गेली.

आता प्रोफेसर एकटे राहतात. मी आठवड्यातून एकदा जाते, स्वयंपाकघर आवरते, ओरडते. गेल्या खेपेला भांडी पुसता पुसता ते म्हणाले, "ताई, सहा महिने सांगितलं असतं तर? ती थोडी शक्यता होती ना."

खोटं सांगून त्यांची समजूत घालणं मला जमत नाही.

"वाचली असती किंवा टेबलावरच गेली असती," मी म्हणाले. "मला माहीत नाही. तुम्हालाही कळणार नाही. पण 'नको' तिने म्हटलं होतं, तुम्ही नाही."

त्यांनी हातातली थाळी पुसून फळीवर ठेवली. बराच वेळ गेला. मी थांबले.

"हो," ते म्हणाले, आणि दुसरी थाळी घेतली.