परदेशी गेलेल्यांच्या किल्ल्या

“काकाजी, माझ्या हॉलमध्ये धबधबा पडून राहिला आणि तुम्ही आता येऊन राहिले? सकाळपासून फोन लावतोय मी. सकाळपासून! नवीन सीलिंग आहे ते. रंगाचा वास नाही गेला त्याचा अजून.”

लिफ्टचं दार पुरतं उघडायच्या आत हा आवाज माझ्या अंगावर आला. आवाज नागपूरचा होता. मारतहळ्ळीच्या त्या इमारतीत एरवी सात-आठ भाषांची भांडणं एकाच वेळी चालतात, पण नागपूरचा गळा सुटला तशी बाकीची सगळी भांडणं तहकूब झाली. खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा क्षणभर थांबले, असं मला वाटलं. हाफ पँट, गुडघ्यापर्यंत ओले पाय, हातात बादली. हा तरुण खालच्या मजल्यावर राहतो. त्याच्या डोक्यावरचा बंद फ्लॅट ज्याचा, तो माणूस नेदरलंड्समध्ये. आणि त्या फ्लॅटची किल्ली माझ्या खिशात.

“स्वल्प दम घे रे बाबा,” मी म्हणालो. “राजाजीनगरहून आलोय.”

राजाजीनगर शहराच्या पश्चिमेला आणि मारतहळ्ळी पूर्वेला, एवढं सांगितलं तरी इथल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. मी रिक्षात बसलो तेव्हा रिक्षावाल्याची मुलगी बालवाडीत होती. उतरलो तेव्हा त्यानं मला तिच्या लग्नाची पत्रिका दिली.

“दम नाही, तुम्ही आधी पाहा तर सही,” म्हणत त्यानं मला त्याच्या घरात ओढलं. हॉलच्या मधोमध पांढऱ्याशुभ्र सीलिंगला म्हशीच्या आकाराचा पिवळा डाग पडला होता आणि म्हशीच्या चारही सडांतून धार लागली होती. खाली पातेली मांडली होती. बिचाऱ्यानं सोफा हलवून सगळं सामान खोक्यांत भरून भिंतीला लावलं होतं, खोक्यांना पट्ट्यासुद्धा चिकटवल्या होत्या. पाण्यानं माणसाची काय दैना करावी, ती ही.

“बायको कुठाय तुझी?”

“माहेरी पाठवली. तुम्ही वर चला आधी.”

वर गेलो. दार उघडलं तर आमच्या चपला आमच्या आधी आत गेल्या, तरंगत. बाल्कनीतून पाणी सरकत्या दाराखालून हॉलमध्ये येत होतं. बाल्कनीत कढीपत्ता. कुंडीतला कढीपत्ता म्हणतात तो नव्हे. हे झाड छताला टेकून, तिथं जागा नाही हे कळल्यावर वळून पुन्हा खाली येत होतं. सगळ्या कर्नाटकाच्या फोडण्या वर्षभर भागल्या असत्या. त्याच्या मुळाशी येणारी पाण्याची बारीक नळी कबुतरांनी थेट नळापासून ओढून काढली होती, घरट्यासाठी, आणि नळ मोकळा वाहत होता. बाल्कनीतल्या मोरीच्या जाळीत पिसांचा बोळा. पाण्याला जायला एकच वाट होती, नागपूरच्या सीलिंगमधून.

मी आधी बाथरूमवरचा मुख्य कॉक बंद केला. हे मी झोपेतसुद्धा करतो. मग दोघंही पाणी काढायला लागलो. तो सुपलीनं भरे, मी बादली ओते. ओतता ओतता तुम्हाला थोडं मागचं सांगतो.

आमचं घराणं या शहरात इतकं जुनं आहे, की शहर वसवायला जो राजा आला त्याला तळ्याकडचा रस्ता आमच्याच पूर्वजानं दाखवला आणि त्याबद्दल अजून कुणी आभार मानलेले नाहीत. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्ही बाजूंना मी अण्णा. पुण्या-मुंबईहून संगणकवाली पोरं यायला लागली तेव्हा गणपतीच्या मांडवात ती मला विचारायची, अण्णा, गॅस कुठं मिळतो, अण्णा, मोलकरणीला ‘उद्या ये’ कसं म्हणायचं. मी सांगत गेलो. मग त्यांनी फ्लॅट घेतले, वास्तुशांती केली, पुरणपोळ्या वाढल्या. आणि वास्तुशांतीच्या उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आत त्यांना परदेशी नोकऱ्या लागल्या. निघायच्या आदल्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन ती राजाजीनगरला यायची. जोडीनं नमस्कार. मग डब्यावर ठेवलेली किल्ली. “अण्णा, काही करायचं नाही. महिन्यातून एकदा नुसतं उघडून बघायचं.”

नुसतं उघडून बघायचं, या तीन शब्दांनी माझं निवृत्त आयुष्य खाल्लं. एक काळ असा होता की या शहरातल्या एखाद्या बिल्डरकडे नसतील एवढी घरं माझ्या खिशात होती. पँट एका बाजूला उतरायची. बायको म्हणायची, चालता तेव्हा देवळाची घंटा वाजल्यासारखं वाटतं, लोक हात जोडतील. दहा इमारतींचे वॉचमन मला मालक समजून सलाम ठोकतात. प्रत्येक घरात मी त्या त्या मालकाच्या सपाता घालून फिरतो. कोण टाच घासतो, कोण अंगठ्यावर भार देतो, हे मला त्यांच्या आयांपेक्षा जास्त माहीत आहे. पंखे लावायचे, नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं. थोडा वेळ प्लॅस्टिक घातलेल्या सोफ्यावर बसायचं. बसलं की प्लॅस्टिक बोलतं. घरात तेवढंच बोलणारं.

आता तुम्ही जाणार असाल, आणि हे वाचताय म्हणजे घरातलं कुणीतरी जाणारच आहे, तर ऐका. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून जा. मोऱ्यांच्या जाळीत चमचाभर तेल सोडा, म्हणजे खालचं पाणी लवकर आटत नाही. ते आटलं की खालच्या गटारातली झुरळं वर येतात आणि एका घरात तर मी त्यांना सोसायटीची सभा भरवताना पाहिलंय, अध्यक्षासकट. फ्रिज रिकामा करून पुसा आणि दाराच्या फटीत टॉवेल अडकवा. रवा, पीठ, डाळ, काही म्हणजे काही ठेवू नका. “येऊ तेव्हा लागेल” म्हणून ठेवलेल्या रव्याला मी चालताना पाहिलंय. बँकेला कळवून आपलं साधं खातं अनिवासी खात्यात बदलून घ्या, ते आपोआप होत नाही. इथला मोबाइल नंबर जिवंत ठेवा, कारण पुढची सगळी वर्षं तुमचा देश तुम्हाला त्याच नंबरवर सहा आकडी निरोप पाठवून ओळखणार आहे. मुखत्यारपत्र इथून निघायच्या आधी करा. तिथं गेल्यावर करायचं म्हणजे वकिलातीच्या फेऱ्या. आणि जमलं तर घर भाड्यानं द्या. राहता माणूस भिंतीला खिळे ठोकतो, पण पाणी गळलं तर ओरडतोसुद्धा. बंद घर ओरडत नाही. शेजाऱ्याला ओरडायला लावतं.

हा सगळा उपदेश मी आजवर शेकडो जणांना केला. सगळ्यांनी मान डोलावली आणि रवा ठेवून गेले.

यंदा मात्र आमच्याच घरात बॅगा निघाल्या. आमची मुलगी आयर्लंडला आहे आणि तिचे दिवस भरत आलेत. पहिलीच वेळ, तिथं दुसरं कुणी नाही. बायकोनं मेथीचे लाडू, डिंक, आळीव असं सामान काढलं आणि मला बजावून सांगितलं, “मी दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या घेऊन विमानात बसणार नाही. आणि तुम्ही तिथं बसून इथल्या मोऱ्यांचा विचार करणार असाल तर तुम्ही येऊच नका.” आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मी ऐकलं नसतं.

म्हणून महिनाभर मी किल्ल्या वाटत फिरलो. कुणाचा मेहुणा सापडला, कुणी भाडेकरू ठेवला, एकानं माझा फोन ठेवून तासाभरात घर विकायला काढलं. खिसा हलका झाला तसा मी एका बाजूला झुकून चालायला लागलो, इतकी सवय. शेवटी हीच एक राहिली, नेदरलंड्सवाल्याची. ही गेली की मी मोकळा. नाहीतर बायको लाडूंसकट एकटी जाणार आणि मी प्लॅस्टिकवर बसून नातवंडाचा फोटो बघणार.

पाणी काढून झालं. नागपूरकर भिंतीला टेकून बसला. कढीपत्त्याची मूठभर पानं ओरबाडून त्यानं वास घेतला. “झाड मात्र जबरदस्त आहे, काकाजी,” म्हणाला. राग उतरत होता. “मी चहा ठेवतो. या खाली.”

तो गेल्यावर मी मालकाला व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ होती. तोंडात टूथब्रश.

“अण्णा, ॲपमध्ये तर सगळं नॉर्मल दाखवतंय,” तो म्हणाला.

“तुझ्या ॲपला पोहता येतं का? इथं उतरव त्याला.”

मी फोन फिरवून बाल्कनी दाखवली. नळीवर एक छोटी डबी होती, इंटरनेटवरची. तिथं बोटानं दाबलं की इथं पाणी सुटतं. एवढ्या लांबून झाडाला पाणी घालणारा माणूस मी पुराणातही ऐकला नव्हता.

“टायमर नाही का लावता येत याला?”

“होता. मी काढला.” त्यानं चूळ भरली. “रोज ब्रश करताना मीच सोडतो. तेवढंच काहीतरी मी घरी केल्यासारखं वाटतं.”

मी फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. बाहेर कबुतरं घुमत होती, त्यांचं घर मोडलं होतं.

मग मी त्याला मुलीचं सांगितलं. आयर्लंडचं, बायकोचं, सगळं. म्हणालो, “अरे, मी आता थकलो. दोन मोऱ्यांत पाणी ओतलं की गुडघा बोलतो. तू येशील तेव्हा ये, न आलास तरी माझं काही म्हणणं नाही, पण किल्ली आता दुसऱ्याकडे दे.”

मागे त्याच्या बायकोचा आवाज आला, “अण्णांना किती त्रास देतोयस तू.” मग तो म्हणाला, “बरोबर आहे, अण्णा. पण कुणाकडे देऊ? माझं तिथं तुमच्याशिवाय आहेच कोण?”

आता माझं डोकं अशा वेळी विजेसारखं चालतं. “खालचा नागपूरवाला,” मी म्हणालो. “मराठी आहे, जिन्यानं एक मजला चढायचा. आणि ज्याच्या डोक्यावर पाणी पडतं त्याच्याच हातात कॉक असावा. त्याच्याइतकी काळजी तुझा सख्खा भाऊ घेणार नाही.”

तो हसला. “चालेल. ते तयार असतील तर देऊन टाका. आणि अण्णा, सीलिंगचं मी त्यांच्याशी बोलतो. सॉरी सांगा.”

त्यानं फोन ठेवला आणि मी तिथंच ओल्या फरशीवर उभा राहिलो. नाही म्हटलं तरी जरा उदास वाटलं. सपाता काढून जागेवर नीट लावून ठेवल्या. हा टाच घासणारा. दार ओढून घेतलं आणि लिफ्ट सोडून जिन्यानं उतरलो. गुडघा काही बोलला नाही. बायकोला फोन करून सांगितलं, माझीही बॅग काढ. “किल्ली दिली?” तिनं विचारलं. म्हटलं, देतोय, जिन्यात आहे. “दिल्यावर फोन करा,” म्हणाली आणि ठेवला.

खाली धार थांबून थेंबांवर आली होती. नागपूरकरानं दोन खोकी पुढे सरकवली, एकावर मला बसवलं, एकावर चहा ठेवला. कागदी कपात. म्हणाला, “माफ करा काकाजी, मघाशी जरा जास्त बोललो. सीलिंग पाहून टाळकं सटकलं.”

“तुझं काही चुकलं नाही. उलट तुझ्यासारखा ओरडणारा माणूस पाहिजे,” मी म्हणालो आणि सुरू झालो. त्या फ्लॅटची इतकी स्तुती केली की बांधणाऱ्यानंही केली नसेल. हवा, उजेड, कढीपत्ता हवा तेवढा, बाल्कनीतून स्वच्छ दिवशी थेट म्हैसूर दिसतं. काम काय, तर काही नाही. कॉक बंद आहे, नळी मी काढली आहे, झाडाला लोटीभर पाणी. मालक लाख माणूस, सीलिंगचं स्वतः बोलणार आहे. मला मुलीकडे जायचंय, आयर्लंडला, बाळंतपण आहे, नाहीतर मी ही किल्ली जन्मात सोडली नसती. असं म्हणत मी ती काढून त्याच्या कपाशेजारी खोक्यावर ठेवली.

त्यानं किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग चहाचा एक घोट घेतला.

“आम्ही पुढच्या आठवड्यात कॅनडाला चाललो, काकाजी,” तो म्हणाला. “आमची किल्ली तुम्हालाच देणार होतो.”