लीकची फोडशी

मुरबाडच्या वीणाताईंकडे लेकाला घरी ओढून आणायचं एकच साधन उरलं होतं, ते म्हणजे फोडशी. आषाढात डोंगरउतारावर गवतासारखी उगवणारी ही रानभाजी प्रणवला जिवापलीकडे आवडायची. दर वर्षी त्या फोन करायच्या, "फोडशी आली रे बाजारात, ये." तो दर वर्षी म्हणायचा, "बघतो." सिंगापूरला नोकरी लागल्यापासून एकही पावसाळा त्याने घरी काढला नव्हता. पण निदान 'बघतो' तरी म्हणायचा, आणि त्या एका शब्दावर माउलीचं वर्ष निघायचं.

यंदा त्या स्वतःच सिंगापूरला, टॅम्पिनीसमधल्या त्याच्या फ्लॅटवर आल्या. पहिल्याच संध्याकाळी इमारतीखालच्या हिरव्यागार पात्यांपाशी थबकल्या, तशी वल्लरी, त्यांची सून, घाईने म्हणाली, "आई, हात नका लावू! इथे पान तोडलं तरी दंड होतो."

"तोडतंय कोण? फोडशी नाहीच ती. भलतंसलतं पोटात गेलं म्हणजे?"

सून गुणाची, आणि तिथेच घोटाळा झाला. सासूबाईंची नजर तिने बरोबर हेरली. दुसऱ्या दिवशी वेट मार्केटमधल्या, म्हणजे तिथल्या भाजी-मासळीच्या बाजारातल्या, चिनी आंटीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि दोन जुड्या घेऊन आली. एक कांद्याच्या पातीसारखा पण जाड पातीचा लीक, दुसरी चपट्या पातीची कू चाय, म्हणजे चिनी लसणीची पात.

"आई, दोन्ही मिसळून करू या. तुम्ही सांगाल तसं. जमलं ना, तर प्रणवला दर आठवड्याला इथेच फोडशी! गावाला जायची गरजच नाही."

वीणाताईंनी मनाशी हिशेब केला. भाजी जमली तर आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. मूठभर मीठ जास्त पडायला कितीसा वेळ लागतो? हात डब्यापर्यंत गेलाही. पण जिने जन्मात भाजी बिघडवली नाही, तिला मुद्दाम तरी ती कशी बिघडवता यावी? लीक उभा चिरून त्यांनी आतली माती धुतली, कांदा-लसूण परतला, भिजवलेली मूगडाळ घातली, वाफ काढली, वर ओलं खोबरं पेरलं. आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

प्रणव वन-नॉर्थच्या ऑफिसातून एमआरटी मेट्रोने दमून आला, तो वासानेच ताटावर बसला. वल्लरीने विचारलं, "कशी झालीय फोडशी?"

"मस्त!"

वीणाताईंचा चेहरा उतरला. पोळी तव्यावर करपायला लागली.

"पण ही फोडशी नाही," त्याने दुसरा घास घेत म्हटलं.

"अरे, आईंनीच केलीय!"

"हात आईचाच आहे गं, कळतंय. पण फोडशीची चव वेगळी. आणि आई कितीही निवडो, एखादी कडक काडी दाताखाली यायचीच."

वल्लरी हिरमुसली. वीणाताईंनी मात्र त्याच्या ताटात आणखी दोन डाव भाजी वाढली. आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्याची जन्मभर गय न करणारी ती बाई, पण आज आनंदाने तिचे डोळे भरून आले.