न थरथरणारा हात

"थरथर! अजून थरथर पाहिजे!" डायरेक्टर भोंग्यातून असा ओरडला, की अकोल्याच्या त्या वावरातले बगळे उडाले ते थेट दर्यापुरातच टेकले असतील.

हीरो कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत बसून हात हलवत होता. टेकवर टेक. तेवढ्या वेळात मी अमरावतीच्या माझ्या क्लिनिकात अख्ख्या शहराचे गुडघे वाकवून दिले असते.

मी फिजिओथेरपिस्ट. सिनेमा माझ्याच पेशंटवर होता, म्हणून मला बोलावलेलं. हे पेशंट, म्हणजे सर, कापसाचे शास्त्रज्ञ, नवी वाणं काढण्यात जन्म गेला. आता मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. वायरच जळाली तर बल्ब काय करणार? सर छत्रीखाली व्हीलचेअरवर बसून सगळं पाहत होते. सिनेमाला होकार देताना त्यांची एकच अट होती: हात खरा दाखवा. कारण त्यांचा हात पहिल्यांदा गेला, तेव्हा "थरथरत नाही ना? मग काही नाही," म्हणून जो तो डॉक्टर त्यांना घरी पाठवत राहिला.

मी डायरेक्टरला गाठलं. सकाळपासून चौथ्यांदा तेच सांगून माझा जबडा दुखायला लागला होता.

"साहेब, थरथरतो तो आजार वेगळा. सरांचा हात थरथरत नाही. ऐकत नाही."

"डॉक्टर, पब्लिकला आजार दिसला पाहिजे ना!"

"मंग कंपवातवाल्यावर काढा सिनेमा. सरले कावून त्रास देऊन राहिले?"

"बरं, ऐकत नाही हे कॅमेऱ्यात दाखवू कसं? तुम्हीच सांगा."

आता आली का पंचाईत! प्रश्न बरोबर होता.

सीन साधा होता. कापसाचा संकर करताना उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी नखानं सोलतात, आतले पुंकेसर काढून टाकतात. सगळा खेळ चिमटीचा. आणि या आजारात सरांची नेमकी तीच आधी गेली.

मी बॅगेतून चिकटपट्टी काढली. हीरोचा अंगठा तळहाताला घट्ट बांधला, पट्टी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी.

"आता थरथरू नका भाऊ. ॲक्टिंगही नका करू. फक्त कळी सोला."

हीरोनं कळी धरली. अंगठा येईना. त्यानं बोटं वळवून पाहिली, मनगट वळवून पाहिलं. कळी निसटली, मातीत पडली. तो हाताकडे असा बघत राहिला, जणू हात शेजाऱ्याचा आहे. कट म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

मग डायरेक्टरनं टाळी वाजवली. सगळं युनिट सुरू झालं. एवढा कडकडाट, की मेळघाटातले वाघ जागे झाले असावेत.

शॉट सिनेमात ठेवला. पोस्टरवर मात्र थरथरता हातच घ्यायचं ठरलं. कागदावर हात थरथरणार कसा, देव जाणे. धडा एवढाच: दुखणं पटवायचं तर डिग्री दाखवू नये, समोरच्याचा अंगठा बांधावा.

डायरेक्टर खुशीत सरांसमोर वाकला. "सर, झालं ना अगदी तुमच्यासारखं?"

सरांची जीभही आता जड झालीय. एकेक शब्द ओढत म्हणाले,

"माह्या हातून कळी पडली, तवा कोणी टाळ्या नाई वाजोल्या."