ह्यांचं डिझेल

आमचं लग्न ठरलं त्या दिवशी नवरामुलगा उशिरा आला. सासू-सासरे नगरहून एसटीनं वेळेवर राहुरीला पोचले होते. पोहे झाले, चहा झाला, मी आतल्या खोलीत नेसूचं सावरत बसून कंटाळले, तरी मुलाचा पत्ता नाही. माझे वडील विद्यापीठात कारकून होते आणि वेळेच्या बाबतीत कडक. ते सारखे घड्याळाकडे बघू लागले, तेव्हा सासरे म्हणाले, "येईलच. त्याला पॅसेंजरनंच यायचं असतं. रेल्वेचं वेड आहे, बाकी सुपारीचंसुद्धा व्यसन नाही."

राहुरीचं स्टेशन गावापासून लांब. तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून हे आले. आम्हाला बोलायला ओसरीवर बसवलं, तेव्हा मी विचारलं, "एसटीनं का नाही आलात?"

"पॅसेंजरला आज जंबो होतं."

मला वाटलं, जंबो म्हणजे ह्यांचा कोणी मित्र असेल. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या लाइनवरच्या डिझेल इंजिनाला एका बाजूला लांब नाक असतं, दुसऱ्या बाजूला आखूड. जंबोचं ते आखूड नाक आणखी बुटकं, आणि वरच्या काचा मोठ्या. अशी इंजिनं थोडीच बनली, क्वचित दिसतात. हे इतकं मन लावून सांगत होते, की मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. मला ते बरं वाटलं. मी होकार दिला.

नगरला स्टेशनजवळ दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. हे एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. रविवारी फिरायला म्हणजे स्टेशनवर जायचं. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, भेळेचा पुडा घ्यायचा आणि बाकावर बसायचं. शेजारच्या बायका सिनेमाला जायच्या, मी मनमाडकडच्या पॅसेंजरला जायची. विळदचा चढ चढून गाडी आली की इंजिन नुसतं उभं राहून डुगडुगत असे. ती थरथर बाकाच्या फळ्यांतून अंगात शिरे. निघताना काळ्या धुराचा लोट आणि भेळेवर काजळी. सुरुवातीला माझं डोकं दुखायचं. नंतर मलाही फरक कळायला लागला. भांडी घासताना आवाज आला की मी आतून ओरडायची, "आज दोन इंजिनं आहेत!" आणि हे बाहेरून म्हणायचे, "बरोबर!"

कारखान्यात आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कानात घालायला बोंडं मिळत. हे ती खिशात ठेवायचे. मशीन कुठे कुरकुरतंय ते आवाजावरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे सुप्याच्या कंपनीत लागले तिथेही तेच. एका संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "पॅसेंजर आली नाही अजून?"

"आत्ताच तर गेली," मी म्हणाले.

ह्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "नवीन इंजिन असेल. त्यांचा आवाज कमीच असतो."

ते जुनंच होतं. मी कप उचलून आत नेले. पुढे टीव्हीचा आवाज वाढला, दारावरची बेल मलाच ऐकू यायला लागली. रिटायर झाल्यावर आमच्या पुण्याच्या मुलीनं कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कानाला लावायचं मशीन घेऊन दिलं. ते डबीसकट कपाटात गेलं. त्याच सुमारास आमच्या लाइनवर खांब उभे राहिले, तारा आल्या, विजेची इंजिनं धावू लागली. ह्यांनी स्टेशनवर जाणं सोडलं. मशीनचा विषय काढला की म्हणायचे, "आता ऐकायचं काय राहिलंय?"

गेल्या वर्षी एके सकाळी मी भाजी घेऊन स्टेशनच्या बाजूनं येत होते. कडेच्या लाइनवर खडीची मालगाडी उभी होती आणि तिला जुनं डिझेल. जंबो नव्हतं, पण लांब नाकाचं, तेच डुगडुगणारं. मी पिशवी सांभाळत घरी आले आणि ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "डिझेल उभंय. चप्पल घाला."

हे बनियनवर शर्ट चढवत निघाले. कुंपणाशी पोचलो. हे पाहत राहिले आणि मग चेहरा उतरला. "बंद करून ठेवलंय गं."

बंद नव्हतं. मला चांगलं ऐकू येत होतं. रुळांवर काम करणारा एक खलाशी जवळच तंबाखू मळत बसला होता. तो म्हणाला, "बंद कशाला, चालूच हाय की. सकाळपासनं चालू हाय."

हे त्याच्या ओठांकडे बघत होते. काय कळायचं ते त्यांना कळलं. मी त्यांचा हात धरून कुंपणाच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. पट्टी बारीक थरथरत होती. त्यांनी दुसराही हात ठेवला. खूप वेळ आम्ही तसेच उभे होतो. हातातल्या पिशवीतली मेथी उन्हानं मलूल झाली. परत येताना वाटेत हे एवढंच म्हणाले, "इतकं गेलंय, मला माहीत नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. मशीनचे सेल उतरले होते. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन आणले.

ते डिझेल दुपारी निघून गेलं, त्यामुळे मशीन लावून ते ऐकायचं राहिलंच. पहिले काही दिवस हे वैतागले होते. कुकरची शिट्टी, खुर्चीचे पाय, माझ्या बांगड्या, सगळंच कानावर आदळतंय म्हणायचे. दोनदा काढून ठेवलं, दोनदा परत लावलं.

परवा भाचीच्या साखरपुड्याला श्रीरामपूरला गेलो, रेल्वेनंच. नगरला आमचा डबा नेमका इंजिनाच्या मागे आला. गाडी हलली तसा पुढून एक बारीक सूर निघाला आणि पायरी पायरीनं वर चढत गेला, कुणी पेटीवर बोट फिरवावं तसा. ह्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"हे काय वाजतंय?"

"इंजिन."

"विजेचं?"

"मग दुसरं कुठलं? रोज असंच वाजतं."

वांबोरीला गाडी थांबली, तेव्हा निघताना तो सूर ऐकायला हे दारात जाऊन उभे राहिले. राहुरीलाही तेच. नंतर जागेवर येऊन म्हणाले, "डिझेलची सर नाही. पण वाईट नाही." आणि डबा उघडून दशमी खायला लागले.

श्रीरामपूरला माझा भाऊ घ्यायला आला होता. जुन्या सवयीनं तो ह्यांच्या कानाशी वाकून मोठ्यांदा ओरडला, "प्रवास कसा झाला, भाऊजी?"

हे दचकून मागे सरले. "अरे, हळू बोल. सगळं स्टेशन बघतंय."