नावाचा रकाना

पंचनामे माणसांशी वाईट बोलत आणि बंद पडलेल्या प्रोग्रॅमशी चांगलं. सकाळी आल्या आल्या ते खुर्ची पुढे ओढत, आदल्या दिवशीचे क्रॅश रिपोर्ट उघडत आणि पडद्याला विचारत, "बोल बाबा, कुठं दुखतंय?" आवाज इतका मऊ की पहिल्या दिवशी मला वाटलं, घरी कुणी आजारी आहे आणि हे फोनवर विचारपूस करताहेत. मी अदबीनं दारातच थांबले. त्यांनी वळून पाहिलं आणि त्याच दमात म्हणाले, "तू कोण? आणि खांबासारखी उभी का हायेस? आत तरी ये, न्हायतर बाहेर तरी जा."

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. प्रोग्रॅम कुठेही बंद पडला की त्याचा पंचनामा करणार हे, म्हणून ऑफिसनं त्यांना पंचनामे करून टाकलं. पुढे पुढे कुरियरची पाकिटंसुद्धा 'श्री. पंचनामे' या नावानं येऊ लागली आणि ते मुकाट्यानं सही करून घेत. चिडवलेलं त्यांना लागत नसे, किंवा लागलेलं ते दाखवत नसत. आम्ही सगळ्यांनी सोयीनं पहिलंच खरं मानलं होतं.

आमचं ऑफिस भिवंडीत, लूमच्या कारखान्यावरच्या मजल्यावर. खाली शिफ्ट चालू असली की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. आम्ही गोदामांसाठी प्रोग्रॅम बनवायचो. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे ते त्यात दिसायचं, खोक्यांवरची लेबलं त्यातून निघायची. गोदामाच्या ऑफिसात विंडोज, मालकाच्या केबिनमध्ये मॅक आणि माल उतरवतात तिथे स्वस्तातला लिनक्सचा कॉम्प्युटर. एकच प्रोग्रॅम या तिन्हींवर चालायला हवा. आम्ही लिहिलेल्या मजकुरातून तिन्हींसाठी तयार प्रोग्रॅम बनवायचा म्हणजे बिल्ड करायचं. ते कसं करायचं याच्या सूचना ज्या फाइलमध्ये असतात ती कॉन्फिग. बिल्ड, कॉन्फिग आणि क्रॅश रिपोर्ट ही तिन्ही खाती पंचनाम्यांकडे होती. पदवी नव्हती, इंग्रजी जेमतेम होतं, दिघाशीहून रोज मोटरसायकलवर यायचे. पन्नाशी ओलांडलेल्या अशा माणसाला दुसरं कुणी नोकरी देणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि आमच्या कंपनीच्या शेठना त्याहून जास्त माहीत होतं.

त्यांचा जीव एका यादीत असे. बिल्ड होताना आम्ही प्रोग्रॅमच्या तुकड्यांना ठेवलेली नावं गळून पडतात आणि आत नुसते आकडे उरतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं नाव याची यादी त्याच वेळी बाजूला काढून ठेवावी लागते. ती असली तर क्रॅश रिपोर्ट वाचता येतो, प्रोग्रॅम नेमका कुठे कोसळला ते कळतं. ती नसली तर समोर नुसते आकडे. आमच्याकडे पुन्हा बिल्ड केलं तरी तीच यादी मिळत नसे, कारण दर खेपेला आकडे बदलत. पंचनामे तिला 'नावांची फाइल' म्हणत आणि सातबाराच्या उताऱ्यासारखी जपत. "खालचा लूम बघ," ते म्हणायचे, "धागा तुटला की थांबतो आणि कुठं तुटला ते दाखवतो. तुटण्याची लाज न्हाय, बाय. लपवण्याची हाय."

दुसरी जपणूक वहीची. लाल बांधणीची लांब वही बिल्डच्या मशीनशेजारी असायची, पेन तिला सुतळीनं बांधलेलं. मशीनला लॉगिन एकच, पंचनाम्यांचं. कॉन्फिगला हात लावायचा असेल तर त्यांच्या खुर्चीत बसायचं, बदल करायचा आणि उठण्याआधी वहीत चार रकाने भरायचे: तारीख, काय बदललं, कशासाठी, नाव. हे काम कॉम्प्युटरवरच करता येतं असं आम्ही त्यांना दहादा सांगितलं. "मशीनला लॉगिन कळतं, माणूस कळत न्हाय," एवढंच उत्तर. एकदा एक जण नाव लिहायला विसरला. कुणी केलं ते पंचनाम्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी त्याचं नाव घातलं नाही. तीन दिवस वही उघडी ठेवून त्याच्या टेबलासमोर बसले. चौथ्या दिवशी त्यानं येऊन लिहिलं. "दुसऱ्याचं नाव मी लिहीत न्हाय," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं लिहायचं."

सोमवारी दहा वाजता जाहीर पंचनामा व्हायचा. आठवड्याचे क्रॅश मोठ्यानं वाचले जात आणि ज्याच्या हातची ओळ फुटली असेल त्यानं उभं राहायचं. माझी पाळी तिसऱ्याच सोमवारी आली. माझ्या रिपोर्टात चाळीस ओळी होत्या आणि मी गंमत म्हणून ठेवलेली सगळी नावं त्यात जशीच्या तशी होती. त्यांनी चाळीसही वाचायला लावल्या. मधे मी थांबले की म्हणत, "वाच की. ठेवताना लाज न्हाय वाटली." शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणीही मान वर करत नव्हतं. "रडू नको," ते म्हणाले, "रडण्यानं बिल्ड होत न्हाय." त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या आमच्या नगरपालिकेतल्या क्लार्क बापाच्या घरात कुणी कधी ऐकल्या नसतील.

प्रोग्रॅम बंद पडला की एक चौकट उघडायची, त्यात प्रश्न असे: बंद पडलं तेव्हा आपण काय करत होता? हा प्रश्न पंचनाम्यांनी स्वतः लिहिलेला. लोक तो रिकामा सोडायचे, मग पंचनामे थेट फोन लावायचे. वळ गावच्या गोदामातला सुपरवायझर एकदा म्हणाला, "साहब, हमने तो कुछ नहीं किया." पंचनामे म्हणाले, "कुछ नहीं करने से कुछ नहीं होता, भाईसाहब. आप आदमी हो, कुछ तो कर रहे थे." शेवटी त्यानं कबूल केलं की तो कीबोर्डवर डबा ठेवून जेवत होता.

त्याच पंचनाम्यांनी मला सगळं शिकवलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एके दुपारी मी न जेवता काम करत होते, तर त्यांनी न बोलता अर्धी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. "खा. उपाशी माणूस भलतीच ओळ वाचतो." कॉन्फिगमध्ये बदल करताना वर एक आणि खाली एक ओळ मोकळी सोडायची, हेही त्यांचंच. "वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा हवी." बाकीच्यांनी ते कानाआड केलं. मला मात्र सवय लागली, इतकी की आमच्या ऑफिसात तशी ओळ दिसली की ती माझीच असायची. हे त्यांना माहीत होतं. त्यांना ते माहीत आहे, याचा मात्र मला एका दुपारी विसर पडला.

त्या दुपारी ते गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. वळच्या त्याच गोदामाला नवीन बिल्ड हवं होतं आणि शेठ दर दहा मिनिटांनी डोकावत होते. मशीनची डिस्क भरली होती, बिल्ड अर्ध्यावर अडकत होतं. जुन्या नावांच्या फाइली पुसायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि एक ओळ घातली: नावांची फाइल ठेवू नको. बिल्ड झालं. ओळ नंतर काढायची असं ठरवलं. वही उघडली, पेन हातात घेतलं आणि सोमवार आठवला. चाळीस ओळी आठवल्या. वही मिटली. ते परत आल्यावर त्यांनी विचारलं, "यादी ठेवलीस?" मी म्हटलं, "हो."

पुढच्याच आठवड्यात वळला माल निघायच्या वेळी प्रोग्रॅम बंद पडू लागला. लेबलं निघेनात, ट्रक रांगेत उभे. रिपोर्ट धडाधड येत होते आणि सगळे नुसते आकडे. गोदामवाला आणखी एक नवं बिल्ड घ्यायला तयार नव्हता. पंचनामे तीन दिवस त्या आकड्यांपुढे बसून राहिले. "बोल बाबा," ते म्हणत होते आणि तो बोलत नव्हता. चौथ्या दिवशी गोदामवाल्यानं आमचा प्रोग्रॅम काढून टाकला आणि शेठनी सगळ्यांना बोलावलं.

शेठनी कॉन्फिग पडद्यावर उघडायला लावली. ती ओळ मधोमध होती, वर एक ओळ मोकळी, खाली एक ओळ मोकळी. पंचनाम्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग वही उघडून टेबलावर ठेवली आणि पेन तिच्यावर आडवं केलं. "लॉगिन तुमचं आहे, खुर्चीत सगळेच बसतात," शेठ म्हणाले. "कुणी केलं सांगा, नाहीतर तुम्ही केलंत असं धरतो." पंचनामे म्हणाले, "ज्यानं केलं त्यानं लिहायचं. मी दुसऱ्याचं नाव लिहीत न्हाय."

मी पायातल्या चपलांकडे बघत राहिले. त्याच महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते. एका शब्दानं माझी नोकरी जाणार आणि न बोलल्यानं त्यांची, एवढा साधा मामला होता आणि मी न बोलण्याची बाजू घेतली. शेठ म्हणाले, "मग दिघाशीला जा आणि भात लावा. तिथे नावांची फाइल लागत नाही." दोघं हसले. त्यातली एक मी होते.

जाताना पंचनाम्यांनी डबा पिशवीत घातला आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. "आता ही तुझ्याकडं," म्हणाले. एवढंच. शिवी दिली असती तर मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहिले असते. ते गेल्यावर वही उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात त्या दुपारची तारीख होती. काय बदललं: नावांची फाइल ठेवणं बंद. कशासाठी: डिस्क भरली. नावाचा रकाना मोकळा होता.

त्यांची खुर्ची मला मिळाली, कायमही झाले. मग पहिल्याच सोमवारी, दहाच्या ठोक्याला, एक क्रॅश रिपोर्ट आला. तीच वळची आवृत्ती, नुसते आकडे, कॉम्प्युटरचं नाव 'दिघाशी'. तपासणीसाठी त्यांच्या घरी एक प्रत होती, तीच ते मुद्दाम बंद पाडत होते. चौकटीत लिहिलं होतं: वही भरली का? पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. चार वर्षांत एक सोमवार चुकला नाही. जुन्या आवृत्तीचे रिपोर्ट अडवायला एक ओळ पुरली असती. ती मी घातली नाही, आणि वहीही भरली नाही. माझ्या हाताखालच्यांकडून मात्र चारही रकाने भरून घेत होते, आणि सोमवारी त्यांना उभंही करत होते.

गेल्या पावसाळ्यानंतर तीन सोमवार कोरे गेले. पुढचा रिपोर्ट एका बुधवारी दुपारी आला. 'बंद पडलं तेव्हा आपण काय करत होता?' याच्या खाली लिहिलं होतं: बाबा गेले. कॉम्प्युटर विकायचाय. हा प्रोग्रॅम कसा काढायचा ते सांगा.

मी त्यांच्या घरी फोन लावला. मुलीनं उचलला. मी तिला एकेक करून सांगत गेले, इथे दाब, आता तिथे दाब, आणि आयुष्यात ज्यांच्याइतकं कुणाला घाबरले नाही त्या माणसाचा माझ्या पडद्यावर येणारा शेवटचा धागा तिच्या हातानं पुसून घेतला. "निघाला," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या वहीवाल्या बाय ना? बाबा सांगून गेलेत, तिकडून कधी फोन आला तर एवढंच विचार म्हणून. वही भरली का?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं."

फोन ठेवला, वही काढली आणि त्या रकान्यात नाव लिहिलं. पेन नीट उमटत नव्हतं, दोनदा गिरवलं. मग वही तशीच उघडी घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. शेठनी चष्मा वर करून ओळ वाचली. "अरे, तू होतीस होय," ते म्हणाले. "जाऊ दे, जुनं झालं. मॅकचं बिल्ड आज देतेस ना?"

मी बाहेर येऊन खुर्चीत बसले. पंचनाम्यांनी मला एवढ्यावर सोडलं नसतं.