आत्याचे दात जायच्या आत

परवा रविवारी आत्या नवी कवळी घालून माझ्या स्टुडिओत आली... आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाहीये.

आधी स्टुडिओचं सांगते. पनवेलच्या कोळीवाड्यात आत्याच्या घरामागे एक पत्र्याची खोली आहे. आत्या मासळी विकते, तिच्या टोपल्या आणि बर्फाचे खोके तिथे असायचे. मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला. सर म्हणाले, वर्गात आम्ही सांगितलं म्हणून केलेलं काम पुरे झालं, आता कॉलेजबाहेर तुमचं स्वतःचं काय चालतं ते दाखवा. आमचं घर उरणला, मोरा बंदराजवळ, तिथे आम्हालाच जागा पुरत नाही. आत्याला कळलं मात्र, दोन दिवसांत खोली रिकामी. टोपल्या गेल्या, वास राहिला... मी लगेच स्टेटसला 'माय स्टुडिओ' टाकून मोकळी!

बदल्यात तिने एकच गोष्ट मागितली. तिच्या हिरड्या खराब झाल्या होत्या, डॉक्टरने वरचे सगळे दात काढायला सांगितले होते. म्हणाली, "दात जायच्या आत माजा तोंड बनव गो. मंग कशी दिसन, कोनला ठाव."

आत्याचे दात म्हणजे काय सांगू... पुढे आलेले, मधे ही एवढी फट. ती हसली की मासळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. हसताना कधी तिने तोंडावर हात धरलेला मला आठवत नाही.

सोमवारी बाजार थंड असतो, म्हणून सोमवार ठरला. पहिले दोन सोमवार बाई पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसली. मान ताठ, श्वास रोखलेला. मी वैतागले होते.

तिसऱ्या सोमवारी तिला मधेच एक गिऱ्हाईक आठवलं. पापलेटावरून तिच्याशी भांडभांड भांडून, शेवटी जिंकल्याच्या आनंदात पापलेट तिथेच विसरून गेलेलं. सांगता सांगता ती जी हसत सुटली... माझे अंगठे आपोआप चालायला लागले. वर गेलेला ओठ, ती फट, डोळ्यांशेजारच्या घड्या, सगळं मातीत उतरलं. तिने उठून बघितलं आणि ओरडलीच, "अगो बाय! ही त मीच हाय!"

आणि मी दीडशहाणी काय म्हणाले? "नाय गो आत्या, अजून कच्चा हाय."

कॉलेजात असते तर सरांनी सरळ हातातलं टूल काढून घेतलं असतं. नाहीतर सबमिशन आलं असतं आणि झक मारत थांबावं लागलं असतं. इथे कोण विचारतंय? जागा माझी, वेळ माझा, अक्कलही माझीच.

दुसऱ्या दिवशी ते दात जरा ओबडधोबड वाटले, म्हणून काढले. मग ओठ मिटवून टाकले, म्हटलं भारदस्त दिसेल. मग जबडा बदलला, मग डोळे. आत्याला परत बसवलंसुद्धा नाही... म्हटलं, लहानपणापासून बघतेय, चेहरा पाठ आहे मला!

ओलं गोणपाट टाकून ठेवलं की माती मऊच राहते, कितीही दिवस खेळत बसा. मी नसले की आत्या न चुकता गोणपाटावर पाणी मारायची. पण उघडून बघायची नाही. पूर्ण झाल्यावरच दाखवीन, अशी मीच ताकीद दिली होती.

फोटो नाही काढलास का, असं कमेंटमध्ये विचाराल. आहे की एक! गोणपाट पांघरलेल्या डोक्याचा. सस्पेन्स राहावा म्हणून काढला होता, वर 'कमिंग सून' लिहून... हसा आता.

मधल्या काळात डॉक्टरची तारीख आली. आत्याने दारातूनच विचारलं, "झाला काय गो?" मी मान वर न करता म्हटलं, "झालाच आता." ती गेली आणि दात काढून आली.

तर परवा कवळी घालून आली आणि तिने स्वतःच गोणपाट उचललं. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मग मला विचारलं, "कोन गो ही बाय?"

चेष्टा असती तर बरं झालं असतं हो... ती खरंच विचारत होती. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. नाकीडोळी नीटस, गुळगुळीत, कुठल्याही दुकानात ठेवावी अशी बाई. आमच्या घरातलं कुणीच नव्हतं ते.

माझं तोंड पडलेलं बघून आत्याच घाबरली. घाईघाईने म्हणाली, "नाक माजाच हाय पन!" तेव्हा मात्र मला रडूच फुटलं. तिने पदराने माझे मातीचे हात पुसले आणि म्हणाली, आता असाच बनव, कवळीवाला.

बनवीन. या वेळी तिला समोर बसवून करीन आणि ती बास म्हणेल तिथे थांबेन. पण कवळी अजून सैल आहे, पडेल या भीतीने आत्या आता ओठ घट्ट मिटून हसते. आवाजच येत नाही...

तिच्यासमोर मला नीट माफीसुद्धा मागता आली नाही, नुसती रडत बसले. ती काही हे वाचणार नाही, पण तिची सून, म्हणजे आमची वहिनी, माझं सगळं वाचते. वहिनी, तिला एवढं वाचून दाखव. खोलीबद्दल, तिच्या सगळ्या सोमवारांबद्दल थँक्यू म्हण. आणि सांग, तिचं तोंड मला जमलं होतं... खरंच जमलं होतं गो. मीच मोडलं.